आणखी पाव फेरा

मोटरसायकलचं इंजिन ऑइल घरीच बदलायचं ठरवलंत, अभिनंदन. काम अगदी सोपं आहे. खालचा ड्रेन बोल्ट काढायचा, काळं तेल गळू द्यायचं, बोल्ट परत लावायचा आणि वरून नवं तेल ओतायचं. अडचण एवढीच की इतक्या सोप्या कामात कर्तबगारी दिसत नाही. ती दिसायची तर आटे, म्हणजे बोल्ट धरून ठेवणाऱ्या मळसूत्री खाचा, घालवावे लागतात. पुष्कळांना ते उपजतच जमतं. ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी हा प्रपंच.

पाना निवडताना काळजी घ्या. नेमक्या मापाचा सहा कोनांचा बॉक्स पाना बोल्टाचं डोकं सगळ्या बाजूंनी धरतो आणि दोन मिनिटांत काम उरकून टाकतो, म्हणून तो नको. अ‍ॅडजस्टेबल पाना घ्या आणि जबडा किंचित सैल ठेवा. तो नसेल तर पक्कड आहेच. दोन-तीनदा निसटला की डोक्याचे कोपरे झिजून छान गोलाई येते.

इंजिन थंडगार असतानाच भिडा. थोडं गरम केलं तर तेल पातळ होऊन भराभर उतरतं. शिवाय उष्णतेनं अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे बोल्ट ज्यात बसतो त्या इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरची पकडही जरा सैलावते. अशा सवलती घेतल्या तर चारचौघांत सांगायला उरणार काय?

आता दिशा. साधा बोल्ट डोक्याच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरवल्यावर सुटतो. आपला बोल्ट गाडीच्या पोटाखाली, डोकं जमिनीकडे करून बसलेला असतो. तेव्हा खाली आडवं होऊन बघण्याचा कमीपणा पत्करू नका. सीटवरून वाका, हात खाली घाला आणि घड्याळ मनात वरूनच बघा. मग सोडवतोय असं समजून तुम्ही तो सर्व शक्तीनिशी आवळत राहाल. मी स्वतः हे दहा मिनिटं केलं आहे. वर कंपनीला शिव्याही दिल्या.

पण खरा कस लागतो तो बोल्ट परत लावताना. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि बोल्ट पोलादी, म्हणजे कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला. कितपत आवळायचं ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. १२ मिमीच्या बोल्टाला बऱ्याच गाड्यांत २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला दहा-बारा किलो वजन टांगावं इतकाच जोर. एवढ्याशा जोरावर मनगट असलेल्या माणसाचं समाधान कसं व्हावं? जोर मोजून आवळणारा टॉर्क पाना वापरणारे लोक भित्रे असतात. आपण पान्याला पाइप जोडावा.

वॉशर जुनाच ठेवा, हे तर फार महत्त्वाचं. तेल अडवण्याचं काम बोल्ट करत नाही, त्याच्या डोक्याखालचा तांब्याचा नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा मऊ वॉशर करतो. तो दाबला जातो, चपटा होतो आणि बारीकसारीक फटी बुजवतो. एकदा चपटा झालेला वॉशर दुसऱ्यांदा तसा दबत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी बोल्टाखाली थेंब जमतो. इथे सामान्य माणूस वॉशर बदलेल. तुम्ही पान्याला आणखी पाव फेरा द्या. थेंब थांबला नाही तर आणखी पाव.

हळूहळू विरोध वाढत जातो, हाताला शाबासकी मिळाल्यासारखं वाटतं, आणि मग अचानक सगळं मऊ पडतं. बोल्ट विनासायास फिरू लागतो, अगदी बोटांनीसुद्धा. बाहेर काढून बघा. त्याच्या आट्यांत चांदीच्या तारेची इवलीशी स्प्रिंग गुंडाळलेली दिसेल. ते तुमच्या चेंबरचे आटे. मी माझी स्प्रिंग बरेच दिवस ड्रॉवरमध्ये जपून ठेवली होती.

आता उपचार. एक खबरदारी घ्या: आटे कुणाचे गेलेत हे तपासू नका. कधीकधी ते बोल्टाचेच गेलेले असतात आणि नवा बोल्ट लावून विषय संपतो. काही गाड्यांत भोक बोल्टापेक्षा खोल असतं, आतले न वापरलेले आटे शाबूत असतात आणि थोडा लांब बोल्ट त्यांना धरतो, फक्त तो आत कशाला टेकत नाही एवढं बघावं लागतं. हे कळलं तर पुढची सगळी मजा जाईल.

थेट टेफ्लॉन टेपकडे वळा. चार वेढ्यांत बोल्ट जाडजूड दिसू लागतो आणि तुमचा जीव भांड्यात पडतो. इंजिन तापेपर्यंत सगळं ठीक असतं. त्यानंतर इपॉक्सी हा कडक होणारा गोंद. आटे तेलानं माखलेले असताना लावली तर ती मुळीच चिकटत नाही, आणि नीट पुसून लावली तर पुढच्या ऑइल चेंजला बोल्ट सुटत नाही. दोन्हीकडून फायदा तुमचाच. सुटलेले तुकडे आतल्या जाळीवर जाऊन बसतात, त्यांची चिंता तेलाच्या पंपानं करावी.

याच्याही पुढे जायचं तर स्वतःच आटे पाडत आत शिरणारा जाड बोल्ट आणा. तो तिरका शिरतो, मग वॉशर एकाच कडेला टेकतो आणि थेंब जागच्या जागी. पुढल्या वेळी त्याहून जाड. चेंबरला तडा जाईपर्यंत बरीच मापं बाजारात मिळतात.

हेलिकॉइल नावाचा प्रकार मात्र कटाक्षानं टाळा. त्यात भोक सरळ ड्रिल करायचं, आटे पाडणाऱ्या टॅप नावाच्या हत्याराला ग्रीस लावायचं म्हणजे धातूचा कीस त्यालाच चिकटतो, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे अशा चालीनं नवे आटे पाडायचे आणि पोलादी तारेची स्प्रिंग त्यात बसवायची. स्प्रिंगच्या टोकाची जीभ तोडून आठवणीनं बाहेर काढायची. मग उरलासुरला कीस निघावा म्हणून थोडं स्वस्त तेल वरून ओतून खाली वाहू द्यायचं. इतकं करून पदरात काय, तर जुन्याच मापाचा बोल्ट आणि मूळच्यापेक्षा मजबूत आटे. हात थरथरत असेल तर लेथवाला पोलादी बुश बसवून देतो. पण मग आपले आटे गेलेत हे त्याच्या तोंडावर कबूल करावं लागतं.

त्यापेक्षा गाडी तशीच चालवा. गळणारं तेल वाऱ्यानं मागे उडतं आणि मागच्या टायरवर बसतं, त्यामुळे वळणावर गाडी कधी नव्हे ती देवाची आठवण करून देते. बोल्ट वाटेत पडलाच तर रिकामं इंजिन थोड्याच वेळात जाम होतं, आणि ऑइल बदलण्याची कटकट मिटते.

तोवर गाडी विकून टाकलेली बरी. गिऱ्हाईक येईल. उकिडवं बसेल, पोटाखाली बोट फिरवेल, बोट नाकाशी नेईल. तुम्ही सहज म्हणा, “चेनला मारलेलं तेल असेल.” तो मान डोलवेल, बोट पँटला पुसेल आणि विचारेल, “पाना आहे का? जरा आवळून बघतो.”