‘सिनेमाला जात नसते’ या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात हा मेसेज आईच्या मोबाईलवर आला, तिने तो माझ्या भाचीला पाठवला आणि भाचीने दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या फिल्म क्लबचं पोस्टर बदललं. आधी पोस्टरवर होतं ‘दलित सिनेमा : चार शनिवार’, आता झालंय ‘सामाजिक सिनेमा’. आईने प्रेमानेच लिहिलं होतं, ‘बाळा, कशाला वेगळं काढतेस, सगळे सारखेच ना’. पोरगी आजीला उलटून बोलली नाही. पण मला राहवत नाही, कारण हाच मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर दिसला.

मेसेज थोडक्यात असा : सिनेमाला जात-धर्म नसतो. दलित सिनेमा, क्वीअर (समलैंगिक, ट्रान्स वगैरे लोकांवरचा) सिनेमा ही लेबलं हल्लीची आणि बाहेरून आलेली. लेबल लावलं की तो सिनेमा फक्त त्याच लोकांचा होतो. उद्या सेन्सॉरवाले पण जात बघून सर्टिफिकेट देतील. आणि शेवटी तो प्रश्न, मग ‘ब्राह्मण सिनेमा’ असं का नाही म्हणत?

सेन्सॉरचं आधी उरकतो. सर्टिफिकेट मिळतं ते 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली, आणि त्यात यू, यूए, ए हे वयाचे गट आहेत. चौथं ‘एस’ आहे, ते डॉक्टर वगैरे ठराविक व्यवसायातल्या लोकांपुरत्या सिनेमासाठी. 2024 च्या नव्या नियमांत यूएचे 7, 13 आणि 16 असे वयानुसार तुकडे झाले. जातीचा यात कुठेही संबंध नाही, लोकांना उगाच घाबरवायचं म्हणून लिहिलेलं वाक्य आहे ते.

‘हल्लीची लेबलं’ म्हणे. माझ्या आईच्या पिढीने ‘मुस्लीम सोशल’, म्हणजे मुसलमान घरांतल्या गोष्टींचे सिनेमे, हा शब्द ऐकलेला आहे, सिनेमाच्या धंद्यातच तो सर्रास चालायचा. ‘चौदहवीं का चाँद’ 1960 चा, ‘मेरे महबूब’ 1963 चा, ‘पाकीज़ा’ 1972 चा, हे सगळे त्याच खात्यात मोजले जायचे आणि हिंदू घरांतली माणसं पण तिकीट काढून ते बघत होती, गाणी पाठ करत होती. समाज तुटतोय अशी ओरड तेव्हा कुणी केली नाही. आपल्याकडे तमाशापट, ग्रामीण चित्रपट म्हणतातच की. नाव ठेवणं जुनंच आहे, फक्त आता ज्यांच्यावर सिनेमा आहे ती माणसं स्वतः नाव ठेवायला लागली तेव्हा ते खुपायला लागलं.

यात एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते, नाइलाजाने का होईना. लेबलाचा साचा होतो. मुस्लीम सोशल म्हटलं की नवाब, शायरी, हवेली आणि बुरख्याआडून दिसलेले डोळे, एवढंच ठरून गेलं, साधा कारागीर, कामगार मुसलमान त्या पडद्यावर फारसा आलाच नाही. फाळणीनंतर आग्र्यात चपलाबुटांचा धंदा सांभाळत ‘इथेच राहायचं की जायचं’ या पेचात अडकलेलं घर दाखवायला 1973 चा ‘गर्म हवा’ यावा लागला. आणि एकदा शिक्का बसला की त्या दिग्दर्शकाला थ्रिलर किंवा कॉमेडी कुणी देत नाही, प्रत्येक चर्चासत्राला ‘आपल्या समाजाबद्दल बोला’ म्हणून बोलावतात, हेही होतं. ते चूकच आहे. पण त्यावर इलाज म्हणून नावच पुसून टाका हे मला पटत नाही, का ते पुढच्या मुद्द्यात सांगतो.

‘लेबल लावलं की फक्त त्याच लोकांचा होतो.’ सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हे आहे, कारण ऐकायला खरं वाटतं. ‘सैराट’ 2016 चा. करमाळ्याकडची गोष्ट, पाटलाची मुलगी आणि मासे धरणाऱ्याचा मुलगा. अख्ख्या महाराष्ट्राने बघितला, वरातीत त्याच्याच गाण्यांवर लोक नाचले. त्यावर मेसेज लिहिणारा म्हणेल, बघा, ती लव्हस्टोरी होती म्हणून चालला, जातीचा काय संबंध. तर संबंध काढून टाकल्यावर काय उरतं ते आपल्याला बघायला मिळालेलं आहे. 2018 ला त्याचाच हिंदी रिमेक ‘धडक’ आला, गोष्ट उदयपूरला गेली आणि जात इतकी पुसट झाली की हे लोक त्या पोरांच्या जिवावर का उठलेत हेच नीट कळत नाही. त्याच पळून जाणाऱ्या दोघांना बघून यावेळी पोटात गोळा येत नाही. जात बाजूला ठेवून ‘सगळ्यांसाठीचा’ सिनेमा केला आणि त्यातला जीवच गेला.

आणि ‘फँड्री’ या मराठी सिनेमाचं काय करणार? हा शब्दच कैकाडी भाषेतला आहे, अर्थ डुक्कर. त्यातला मुलगा जब्या, त्याचं घर गावाची डुकरं धरतंय, सगळी शाळा बघतीये, तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू होतं आणि हातातोंडाशी आलेलं डुक्कर सोडून सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. नंतर मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई रंगवलेल्या दिसतात. हे बघून कुणी सांगावं की याला ‘सामाजिक’ म्हटलं तरी पुरे. सामाजिक तर हुंड्यावरचा सिनेमा पण असतो, दारूबंदीवरचा पण. कॉलेजच्या पोरांना असे सिनेमे शोधायचे असतील, एकापुढे एक लावून कोणी काय केलं ते बघायचं असेल, तर कुठल्या नावाने शोधायचे? दलित सिनेमा म्हणजे दलितांनीच बघायचा असं पोस्टरवर कुठेच नव्हतं. कॅमेरा कुणाच्या घरात शिरलाय एवढंच ते नाव सांगतं.

क्वीअर सिनेमाचं पण तेच. मुंबईत ‘कशिश’ फेस्टिव्हल 2010 पासून भरतो, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 वरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल 2018 ला आला, म्हणजे आठ वर्षं आधी. तेव्हा ते नाव लावून भरवलं नसतं तर ते सिनेमे एकत्र कुठे बघायला मिळाले असते, सांगा.

आता ‘ब्राह्मण सिनेमा का नाही’. कारण त्याला ‘सिनेमा’ म्हणतात. हिंदी हिरो वर्षानुवर्षं मल्होत्रा, खन्ना, वर्मा, म्हणजे ब्राह्मण नसले तरी वरच्या जातींतलेच, आणि मराठीतलं ‘साधं सरळ मध्यमवर्गीय घर’ बघा, देवघर कसं, बोली कुठली, आडनाव काय. ते घर सगळ्यांचं धरलं जातं, जब्याचं घर मात्र वेगळं पडतं. त्या घराला लेबल लागत नाही हा त्याचा फायदा आहे, आणि ज्याला तो फायदा आयता मिळाला त्याने दुसऱ्याला ‘लेबल सोड’ सांगू नये. 1958 ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं. साहित्याला जात नसते हे तेव्हाच्या लेखकांनाही ऐकवलं गेलं. ते ऐकून त्यांनी नाव गुंडाळून ठेवलं असतं तर बाबुराव बागुलांच्या 1963 च्या कथा आणि नामदेव ढसाळांच्या 1972 च्या कविता आपण आज कशा वाचल्या असत्या? दलित म्हणावं की आंबेडकरवादी यावर त्यांच्यात भांडणं झाली, पण ती त्यांची आपापसातली होती, बाहेरच्याने फॉरवर्ड पाठवून मिटवायची नव्हती.

काल भाचीशी बोललो. पहिल्या शनिवारी ‘फँड्री’च लावतायत. जुनं नाव परत घालायचं का ते तिचा क्लब ठरवेल, मी फक्त हे सगळं तिला सांगितलं. त्या दिवशी आईला पण घेऊन जाणार आहे. तिने ‘सैराट’ दोनदा पाहिलाय, ‘फँड्री’ एकदाही नाही.