वाटी म्हणजे एलपी, आत पॉपकॉर्न

काल लेकीच्या हट्टापायी बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका कॅफेत गेलो होतो. दारावर मोठ्या अक्षरांत 'व्हायनल नाइट', म्हणजे तबकड्यांची रात्र. टेबलावर पॉपकॉर्न आले ते एका काळ्या, कडा वर मुरडलेल्या वाटीत. उलटून बघितली तर एलपी, गाण्यांची जुनी तबकडी. ओव्हनमध्ये तापवून वाकवलेली. मधल्या लेबलावर भोंग्यापुढे बसलेला कुत्रा अजून शाबूत. हिंदी सिनेमाची तबकडी, कोलकात्याजवळच्या डमडमच्या एचएमव्ही कारखान्यात दाबलेली असणार, आणि तिच्या खाचांत मीठ.

बरं, तेही गिळलं. पण समोर डीजेच्या टेबलावर तबकड्या वाजवायचे दोन टर्नटेबल फिरत होते आणि दोन्हींच्या सुया आपापल्या स्टँडवर आराम करत होत्या! गाणी येत होती मधल्या कंट्रोलर नावाच्या डिजिटल डब्यातून, पेनड्राइव्हवरून. मी त्या पोराला विचारलं, हे फिरतंय ते कशाला? गोड हसून म्हणाला, "अंकल, ए तो डेकोरेशन छे."

रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय. ज्यांना लांबण वाटेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

माझ्या यादीतल्या जुन्या बडोदेकरांना माझा मामा आठवत असेल. मोबाइल डिस्कोवाला, म्हणजे सामान घेऊन लग्नाकार्यांत गाणी वाजवत फिरणारा. गल्फमधून परतलेल्या कुणाकडून त्यानं टेक्निक्स कंपनीचे दोन एसएल-१२०० टर्नटेबल घेतले होते, १९७९ चं एमके-२ मॉडेल, ज्याला वेग कमीजास्त करायची सरकपट्टी असते, ८ टक्के वर, ८ टक्के खाली. दोन गाण्यांचे ठेके जुळवायचे ते तिच्यावरच. त्या आठ टक्क्यांत मामाचा सगळा संसार. माझं काम काय? लादी उचलणं. हो, कोटा स्टोनची लादी. मांडवातलं स्टेज लाकडी, लोक उड्या मारायला लागले की सुई उडायची. म्हणून टेबलावर सायकलच्या ट्यूब, त्यांवर लादी, लादीवर टर्नटेबल. तरी उडालीच तर सुईच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं चिकटवायचं. ती लादी मांडीवर घेऊन मी लॅम्ब्रेटावर मामाच्या मागे बसायचो, मांडीला मुंग्या येईपर्यंत.

आणि लक्षात घ्या, हे दारूबंदीच्या गावात. मुंबईच्या डीजेला बिअरची साथ. मामाला ताक आणि श्रीखंड-पुरीवर माणसं नाचवायची होती.

तर एका रिसेप्शनला, दांडिया बाजाराजवळच्या वाडीत, मामानं एका गाण्यावर दुसरं चढवलं आणि ठेका सुटला. अगदी किंचित. नाचणाऱ्यांच्या ध्यानातही आलं नाही. मामानं तबकडीच्या कडेला बोट लावून हलकेच पुढे ढकललं, दोन्ही ठेके एकावर एक बसले, काम झालं. थोड्या वेळानं हातात ताट घेऊन एक धोतरवाले गृहस्थ आले. तबल्याचे मास्तर. म्हणाले, "दुसरं पाव मात्रा मागून आलं होतं. बोटानं आणलंत ना समेवर?" मामाचा चेहरा खिसा कापताना पकडला गेल्यासारखा.

आता मला सांगा, काल त्या कॅफेत ते मास्तर असते तर त्यांनी काय पकडलं असतं? काही नाही. कारण चुकायला जागाच नव्हती. सिंक नावाचं बटण आहे. दाबलं की दोन्ही गाणी आपोआप एका लयीत. पडद्यावर दोन रंगीत लाटा एकाखाली एक सरकतात, त्या डोळ्यांनी जुळवल्या की झालं. मग तो पोरगा दोन्ही हात वर करून उभा. हात रिकामे आहेत म्हणून वर जातात, दुसरं काय!

थांबा, मी यंत्रांच्या विरोधात नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३ च्या ऑगस्टमध्ये बहिणीच्या पार्टीत कूल हर्क हा हिप-हॉपचा आद्य डीजे उभा राहिला तोही यंत्रांपुढेच. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन नाचायचा तुकडा तो लांबवत नेऊ लागला. २००१ मध्ये पायोनियरचं सीडीजे-१००० हे डीजेंसाठीचं सीडी प्लेअर आलं, तेव्हा सीडीला हातानं पुढेमागे करता येऊ लागलं, मामा खूश झाला होता. २००४ च्या सेराटो स्क्रॅच लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये तर गंमतच. तबकडीवर गाणं नाहीच, नुसती एक शिट्टी. सुई कुठे आहे, कोणत्या दिशेनं किती वेगानं चाललीय, हे त्या शिट्टीवरून कॉम्प्युटर ओळखतो आणि त्याप्रमाणे आतलं गाणं हलवतो. हात तोच, कानही तोच, ओझं मात्र गेलं. याला माझा शंभर वेळा नमस्कार. लादी मीच उचललीय.

आणि हेही मान्य करतो (नाइलाजानं) की नव्वदच्या दशकात नव्या हिंदी गाण्यांच्या तबकड्या मिळेनाशा झाल्या होत्या, मामा निम्मा कार्यक्रम कॅसेटवर ढकलायचा.

घरी येताना लेकीनं ऐकवलंच. "बाबा, मामाआजोबांना गल्फवाला भेटला म्हणून ते डीजे झाले. मला कुठला गल्फवाला? माझ्याकडे लॅपटॉप आहे." खरं आहे. त्या काळी बडोद्यात किती पोरांच्या हाताला टर्नटेबल लागला असेल? आणि पोरींच्या तर सोडाच, माझ्या बहिणीला मामानं कधी सरकपट्टीला बोट लावू दिलं नाही. आज माझी लेक मैत्रिणींच्या संगीताला वाजवते, पैसे आणते. तिच्यासमोर 'आमच्या वेळी' म्हणायला जीभ रेटत नाही.

मग राग कशाचा आलाय मला?

त्या मास्तरांचं पुढे काय झालं ते सांगतो. मामानं मला त्यांच्याकडे पाठवलं. म्हणाला, "टाळी-खाली नीट देता आली की मग सरकपट्टीला हात लाव." हे बडोदंच ना! जिथे सयाजीरावांनी १८८६ मध्ये गवई मौलाबक्षांना बसवून गायनशाळा काढली, तिथे डिस्कोवाल्याच्या भाच्यालासुद्धा आधी त्रिताल. तो पावसाळाभर मी मांडीवर हातानं टाळ्या देत बसलो. त्यानंतर हेडफोन एका कानाला लावला तेव्हा कळलं मामा काय करत होता ते. एका कानात लोक ऐकताहेत ते गाणं, दुसऱ्या कानात पुढचं, आणि डोळे समोरच्या घोळक्यावर. काकू दमल्या का? पोरं पाण्याकडे निघाली का? पडद्याकडे बघायला पडदाच नव्हता, मग बघणार कुठे? माणसांकडेच.

नवरात्रात आपल्या मैदानांवर आजही ढोलवाले हेच करतात. गोल कसा फिरतोय ते बघून लय चढवतात, पायांत दम आहे तोवर. तिथे कुणी सिंकचं बटण लावून दाखवावं!

काल तो पोरगा तासाभरात एकदाही मान वर करून बघत नव्हता. नाचणारे सहा जण, त्यातले चार मोबाइलवर रील काढत होते. कोपऱ्यात एक वयस्क जोडपं हळूच ताल धरत होतं, दोन वेळा उठायचा बेत झाला आणि दोन्ही वेळा गाणं मध्येच पालटलं. मामानं ते जोडपं दुसऱ्या मिनिटाला हेरलं असतं. सॉफ्टवेअर आता गाण्यातून आवाज वेगळा, ढोल वेगळा काढून देतं. कमाल आहे, खरंच. मग वाचलेला वेळ कुठे जातो रे बाळा?

आणि व्हायनल परत आलं म्हणून उड्या मारणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. टेक्निक्सनं २०१० मध्ये १२०० बंद केला, २०१६ मध्ये परत आणला, तुम्ही तो घेऊन दिवाणखान्यात मांडलात, फोटो टाकलात. त्यावर बोट कधी टेकवलंत? नसेल टेकवलं, तर तुमच्यात आणि त्या कॅफेवाल्यात फरक इतकाच की तुमच्याकडे पॉपकॉर्न नाहीत.

बास. जास्त बोललो. तो पोरगा वाईट नाही, निघताना माझ्या लेकीला त्यानं कुठलं तरी केबल उसनं दिलं. त्याला कुणी मास्तर भेटला नाही एवढंच.

शनिवारी लेकीचा कार्यक्रम आहे. मी अट घातलीय, लॅपटॉपवर टॉवेल टाकून वाजवून दाखव. बरीच घासाघीस झाली. शेवटी ती एका गाण्यावर आलीय, तेही लोक जेवत असताना.