खुलासा : ‘दोन नरांची संतती’ हा संदेश पुढे पाठवू नये

‘जगातील निम्मे किलर व्हेल दोनच नरांची संतती आहेत, त्यामुळे ही जात लवकरच नामशेष होणार,’ असा संदेश सध्या फिरत आहे. त्याचे मूळ दादरच्या आमच्या वाचक गटावर मी गेल्या आठवड्यात टाकलेल्या टिपणात आहे. ते व्हेलच्या ज्या एका समूहाबद्दल होते, त्याचे नाव माझ्याकडून गाळले गेले.

जगभरात किलर व्हेल सुमारे 50 हजार असावेत, असा अंदाज आहे. दोन नरांची गोष्ट मात्र अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यालगत वावरणाऱ्या, जेमतेम 75 प्राण्यांच्या ‘दक्षिणी निवासी’ समूहापुरतीच आहे. 2018 सालचा मूळ शोधनिबंध मी पुन्हा वाचला. त्वचेच्या आणि विष्ठेच्या नमुन्यांतील डीएनएवरून संशोधकांनी पितृत्व ठरवले, तेव्हा 1990 पासून जन्मलेल्या आणि नमुना मिळालेल्या पिल्लांपैकी निम्म्याहून अधिक पिल्लांचे पिते दोन नर निघाले. चार पिल्ले तर अगदी जवळच्या नात्यातील संबंधांतून जन्मलेली होती.

‘बाहेरचे नर मिसळले की प्रश्न सुटेल’ ही संदेशाला नंतर जोडलेली ओळही टिकत नाही. त्याच पाण्यात सील मारून खाणारे ‘बिग्ज’ किलर व्हेल येतात, परंतु सामन माशांवर जगणारे निवासी त्यांच्याशी प्रजनन करत नाहीत. (सवयींची ही भिंत मला तरी आकड्यांहून अधिक विलक्षण वाटते.)

माझे जुने टिपण मी काढून टाकले आहे. आपण ते पुढे पाठवले असल्यास कृपया तेथे हा खुलासा द्यावा.