हे उघडे आहेत?

मंगळवारपासून मी आरशासमोर जरा जास्तच वेळ उभा राहतोय. डोळे मोजतोय. गेली 48 वर्षं माझे डोळे चारचौघांच्या डोळ्यांएवढेच आहेत असा माझा समज होता. तो सांगलीतल्या एका दवाखान्यात पंचविशीतल्या एका पोरानं भर वेटिंगमध्ये मोडीत काढला.

शुगर निघून तीन वर्षं झाली, एकदा डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढून या, असं शुगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. गेलो. पडद्याचा फोटो जिथं काढतात त्या खोलीला मात्र पडदा नव्हता. दारही नव्हतं. पॅसेजच्या टोकाला एक कोनाडा, त्यात कॅमेरा, आणि समोर बाकांवर पंधरा-वीस माणसं, नाटकाला बसल्यासारखी. हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं, हिरव्या ठिपक्याकडे बघायला लागलो.

"काका, डोळे उघडा."

"उघडेच आहेत."

तो यंत्राच्या बाजूनं वाकला आणि मला प्रत्यक्ष बघून घेतलं. "हे उघडे आहेत?"

बाकांवर हशा पिकला. मग त्यानं अंगठ्यानं माझी पापणी वर ओढून धरली, बैलबाजारात दात बघताना ओठ धरतात तशी, आणि आतल्या कुणाला तरी ओरडून सांगितलं, "मॅडम, ह्यांच्या पापणीनं निम्मा फोटो खाल्ला!"

त्याआधीची पाऊण तासाची शिक्षा वेगळीच. बाहुली मोठी होण्यासाठी तीन वेळा थेंब टाकतात. थेंब न टाकता फोटो काढणारे कॅमेरेही असतात, पण बाहुली बारीक असली की फोटो काळा येतो, आणि माझी बारीक निघाली. (त्या दिवशी माझं सगळंच बारीक निघत होतं.) थेंब झोंबतात, आणि मग सगळे ओळीत डोळे मिटून बसतात. बाहेरून येणाऱ्याला वाटावं, ध्यानाचं शिबिर भरलंय. दर दहा मिनिटांनी एक सिस्टर येऊन टॉर्च मारून विचारते, "फुलला का?" जास्वंदीला विचारावं तसं.

थेंबांवरून आठवलं. इटलीतल्या बायका म्हणे सुंदर दिसण्यासाठी एका विषारी झाडाचा रस डोळ्यात घालून बाहुल्या मोठ्या करायच्या. त्या झाडाचं नाव बेलाडोना, म्हणजे सुंदर बाई. आपला धोत्रा त्याच घराण्यातला. धोत्र्याचा हात डोळ्याला लागला की बाहुली अशीच टम्म होते. महादेवाचा तिसरा डोळा उघडण्यात वाहिलेल्या फुलांचा काही हात असेल का, असा विचार मनात आला आणि मी तो तिथंच मिटला. आणखी एक गंमत. डोळ्यातल्या बाहुलीला लॅटिनमध्येही बाहुलीच म्हणतात. समोरच्याच्या डोळ्यात आपण इवलेसे, बाहुलीएवढे दिसतो म्हणून. त्या फोटोवाल्या पोराच्या डोळ्यात मी त्याहूनही लहान दिसत असणार.

पण सांगायचंय ते आबांबद्दल.

आबा माझ्या शेजारच्या बाकावर होते. तासगाव तालुक्यातले, तीन एकर द्राक्षं, पांढरी टोपी, सत्तरीच्या आतबाहेर. त्यांच्या डोळ्यात अजून थेंब पडायचे होते, त्यामुळे सगळ्या पॅसेजात दिसणारा माणूस तेवढा एकच. आणि कॅमेऱ्याच्या कॉम्प्युटरचं तोंड बाकांकडे होतं. माझा डोळा आतून, केशरी रंगात, टीव्हीएवढा होऊन जनतेसमोर उघडा पडला होता. मला स्वतःला तो धुक्यात लोंबणाऱ्या संत्र्यासारखा दिसत होता. आबा उठून स्क्रीनजवळ गेले.

"ह्यो देठ बगा," ते म्हणाले. बोट नेमकं त्या पिवळट गोल चकतीवर होतं, जिथून डोळ्याची नस मेंदूकडे जाते. "आन् देठापास्नं ह्यं ओलांडं सुटल्यात. वर दोन, खाली दोन. ओलांड्याला काड्या. वळण चांगलं दिलंय."

"आबा, त्या रक्तवाहिन्या आहेत," पोरगा म्हणाला.

"असूद्यात की. येलच हाय ती."

"आणि मधे तो काळपट डाग दिसतोय का?" मी बसल्या जागेवरून विचारलं. कधीतरी वाचलं होतं की तिथंच काहीतरी असतं.

"तो सगळ्यांनाच असतो. अक्षर वाचायचं ते तिथनंच," पोरगा म्हणाला.

"म्हंजे घडाची जागा," आबांनी निकाल दिला. मग त्यांनी आपली डावी बाजू स्क्रीनकडे केली, कोंबडा एका डोळ्यानं दाणा बघतो तशी मान वाकडी करून, आणि द्राक्षावरचा एकेक रोग शोधत बाग फिरायला सुरुवात केली. वरच्या ओळीपासून. सावकाश. "डावनी न्हाई. तेलकट पिवळं डाग असतंय डावनीचं, तसलं न्हाई. भुरी न्हाई. करपा..." इथं ते थांबले.

मी उभाच राहिलो. "करपा काय, आबा?"

"हितं एक बारीक तांबडा ठिपका हाय. आन् ह्यो एक. चालतंय तेवढं. पर लक्ष ठेवाय पायजे."

बाकावरची एक मावशी म्हणाली, "अगं बाई." कशाबद्दल ते तिलाही माहीत नसावं, तिच्या डोळ्यात थेंब होते.

आबांना हे कसं कळतं, याचं उत्तर पुढच्या अर्ध्या तासात मिळालं. त्यांना कित्येक वर्षं शुगर. गोळ्या चालू होत्या, पाय तपासले जात होते, गोड बंद होतं. डोळ्याचं कुणी नाव काढलं नव्हतं आणि डोळाही काही बोलला नव्हता. या आजारात तीच खोड आहे: आत पाझर सुरू होतो, सूज येते, तरी ना दुखत ना खुपत, पेपरही वाचता येतो. मग चौदाव्या वर्षी, म्हणजे अडीच वर्षांमागं, एका सकाळी उजव्या डोळ्यासमोर काजळाचे थेंब पोहताना दिसले. संध्याकाळपर्यंत त्या बाजूचं जग मावळलं. "आत रगात सांडलं, मग पडदा सुटला," आबा म्हणाले. टँकर उलटला असं सांगावं तसं.

आता राखणं चाललंय ते डाव्या डोळ्याचं. लेसर झाला, आणि दर थोड्या महिन्यांनी डोळ्यात इंजेक्शन.

"डोळ्यात?" माझ्या बाहुल्या आधीच मोठ्या होत्या म्हणून, नाहीतर त्या तेव्हा झाल्या असत्या.

"घाबरू नगा. कळतबी न्हाई. आवं, एप्रिलची छाटणी झाली की येल माजतोय, नुस्तं फुटवं काढतोय. मग आमी शिशिशी मारतो न्हवं? फूट थांबती. तसंच हाय ह्यं. डोळ्यात नको तितं फुटवं यायला लागल्यात, कच्च्या काड्या, त्या फुटून रगात गळतंय. इंजेक्शननं फूट थांबती."

मी घरी येऊन पडताळून पाहिलं. आबांचं 'शिशिशी' म्हणजे सीसीसी, फवारायचं औषध; ते वेलीची वाढ रोखतं आणि ती इंजेक्शनं नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखतात. आबांच्या वर्णनात एक कानामात्रा बदलायची गरज नाही. त्यांना पडद्याच्या थरांचा तो दुसरा स्कॅनही ठाऊक होता, ओसीटी. "मातीचा नमुना घ्यायला खड्डा काडत्यात, थर दिसत्यात. ह्यो बिनखड्ड्याचा." 1991 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हा स्कॅन जगापुढे मांडला. तो प्रकाशाच्या जोरावर पाव मिलिमीटर जाडीच्या पडद्याचे थर वेगळे करून दाखवतो. आबांइतकं सोपं मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडलेलं नाही. सापडलं असतं तरी मी त्या दिवशी वाचू शकलो नसतो.

मग आबांनी खिशातून मोबाईल काढला आणि कानाजवळ येऊन, गुपित सांगावं तसे म्हणाले, "आमचा व्हाट्सपचा ग्रुप हाय. पानावर जरा डाग दिसला की फोटो टाकायचा. कन्सल्टंट धा मिन्टात औषध सांगतोय. पानाचा फोटो आठवड्याला. आन् ह्या पानाचा फोटो," त्यांनी बोट आपल्या उजव्या डोळ्याकडे नेलं, "चवदा वर्सात पैल्यांदा निगाला तवा पान गळालंतं."

मला यावर विनोद सुचला नाही. अजून सुचलेला नाही. या माणसाला चौदा वर्षांत किमान पन्नास वेळा कुणीतरी पांढरा कोट घालून तपासलं असेल. शुगर निघाली त्याच वर्षी डोळ्याचा पडदा बघायचा आणि मग दर वर्षी, हे एक वाक्य त्यांतल्या एकालाही जड का झालं? डोळ्यात डोकावायचं यंत्र हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं 1851 मध्ये जगापुढे ठेवलं. 1886 मध्ये इंग्लंडात दोघांनी जिवंत माणसाच्या पडद्याचा फोटो काढला तेव्हा त्या बिचाऱ्याला अडीच मिनिटं न हलता बसावं लागलं होतं. आता एक फ्लॅश पुरतो. कापाकापी न करता रक्तवाहिन्या उघड्यावर बघता येतील अशा शरीरातल्या मोजक्या जागांपैकी ही एक. आणि आपण ती बघत नाही, कारण वर्षाला एकदा कुणीतरी चिठ्ठीवर चार अक्षरं लिहायची राहून जातात.

असो. चिडलो की माझे डोळे आणखी बारीक होतात.

2018 मध्ये गूगलच्या मंडळींनी दाखवलं की नुसत्या पडद्याच्या फोटोवरून मशीन माणसाचं वय सरासरी सव्वातीन वर्षांच्या फरकानं ओळखतं, बाई की पुरुष हेही सांगतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोटो बघून ते सांगता येत नाही. म्हणजे मला बघितल्या बघितल्या 'काका' म्हणणाऱ्या त्या पोराला आता नोकरी सांभाळणं अवघड आहे. तेवढंच समाधान.

डॉक्टरांनी मला दोन मिनिटं दिली. "एकदोन बारीक ठिपके आहेत. सुरुवात आहे. शुगर आवरा, वर्षानं या." म्हणजे आबांचाच रिपोर्ट, फक्त करपा वगळून.

काउंटरवर बिल हातात आलं. मला काही दिसत नव्हतं, म्हणून मुलीनं वाचून दाखवलं: फोटो, प्रति डोळा 600. मागं आबा उभे होते, आता त्यांच्याही डोळ्यात थेंब पडलेले.

"ताई, माजा एकच डोळा चालू हाय. एकाचंच घ्या."

"आबा, फोटो दोन्हीचे काढलेत."

"बंद दुकानाचा फोटो कशाला काडला?" मग त्यांनी दुसरा मुद्दा काढला. "एस्टीत मला हाफ तिकीट हाय. आधार कार्ड दावू?"

मुलगी हसली नाही, सिस्टीममध्ये हाफ नाही म्हणाली. आबांनी पूर्ण पैसे भरले, एकेक नोट डाव्या डोळ्याजवळ नेऊन. आणि लगेच आम्हा दोघांच्या हातात एकेक कागद आला. 'आपला अभिप्राय'. मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं, पाच-पाच चौकोन. ज्यांच्या डोळ्यात दहा मिनिटांपूर्वी तुम्हीच धुकं भरलंत त्यांना हे वाचायला देणाऱ्याची बुद्धी आतून कुठल्या रंगाची दिसते, त्याचाही फोटो काढायला हवा. मी कुठंतरी बरोबरच्या खुणा केल्या. कदाचित टेबलावर केल्या असतील.

बाहेर मे महिन्याचं दुपारचं ऊन. त्यात ती पाय पसरलेली बाहुली. उजेड डोळ्यात शिरत नव्हता, ओतला जात होता. सोबत माणूस आणा, गाडी आणू नका, हे फोनवर वेळ देताना कुणी सांगितलं नव्हतं; स्कूटर तिथंच सोडणं भाग होतं. रिक्षा रस्त्याच्या पलीकडे. मी फूटपाथवर डोक्यावर रुमाल धरून उभा. आबांनी माझं मनगट धरलं.

"माज्या उजव्या अंगाला ऱ्हावा," ते म्हणाले. "तिकडचं मला दिसत न्हाई, तिकडचं तुमी बगा."

मला कुठलंच दिसत नव्हतं, पण ते सांगायची वेळ नव्हती. हॉर्न वाजत होते. आम्ही गेलो.

दुसऱ्या दिवशी स्कूटर आणायला गेलो. पार्किंगवाला म्हणाला, "दोन दिवसांचे चाळीस."

मी विचारलं, "प्रति चाक का?"

थेंब न घालता एवढे मोठे झालेले डोळे मी पहिल्यांदाच पाहिले.