वाळवी पावती देत नाही

आमच्या शाळेचे अर्धवेळ ग्रंथपाल निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणी येणार नाही हे निरोप समारंभाच्या नारळ-शालीआधीच सगळ्यांना ठाऊक होतं. पटसंख्या हजाराच्या आत, म्हणजे पूर्णवेळ पद मिळायचं नाही. आणि अर्धवेळ पदाची फाईल कुठल्या टेबलावर आहे हे विचारायची सोय नाही. अशा वेळी पद रिकामं राहतं, पण चार्ज रिकामा ठेवता येत नाही. तो कुणाच्या तरी गळ्यात पडावाच लागतो. स्टाफ मीटिंगमध्ये हेडसरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली तेव्हा पीटीचे सर बुटाची नाडी बांधायला वाकले, गणिताच्या मॅडम पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या, आणि मी, मराठीची शिक्षिका, नेमकी वाचत होते.

"मॅडमना वाचनाची आवड आहेच," सर म्हणाले. ठराव संमत. मी वाचत होते तो बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर होता, पण प्रोसिडिंगमध्ये तेवढा तपशील येत नाही.

चार्ज घेताना किल्ली सगळ्यात शेवटी मिळते. आधी मोजणी. दाखल नोंदवही नावाचं एक लाल कापडी पाठीचं रजिस्टर असतं. त्यात दाखल क्रमांक, पुस्तक, लेखक, किंमत असे रकाने आणि शेवटी 'शेरा'. या शेवटच्या रकान्यात पिढ्यानपिढ्यांच्या ग्रंथपालांनी आपली प्रतिभा ओतली होती. 'जीर्ण.' 'अतिजीर्ण.' 'मुखपृष्ठ नाही.' त्याखाली, 'फक्त मुखपृष्ठ.' एका कादंबरीपुढे निळ्या शाईत, 'मा. सहसचिव यांजकडे वाचनास, १९८७.' ते सहसचिव वारले, त्यांचे चिरंजीव सहसचिव झाले, पुस्तक अजून वाचनात आहे. इतकं सावकाश वाचणारं घराणं जिल्ह्यात दुसरं नसेल.

खोलीबद्दल थोडक्यात सांगते, कारण आत जायला वाटच थोडकी होती. मोडकी बाकं, गणपतीचं मखर, मतदानाच्या वेळी आणलेल्या आणि नंतर कुणाच्याच न झालेल्या पुठ्ठ्याच्या पेट्या, आफ्रिका निघून आलेला पृथ्वीगोल आणि शालेय पोषण आहाराची तांदळाची पोती. उंदीर तांदळासाठी आले आणि साहित्याला लागले. भिंतीवर सुवाच्य अक्षरात नियम रंगवलेले: शांतता राखावी. पाने दुमडू नयेत. परवानगीशिवाय कपाटास हात लावू नये. वाचावे, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

हल्लीची पोरं मोबाइलमुळे वाचत नाहीत हे वाक्य आमच्या स्टाफरूममध्ये दिवसातून एकदा तरी होतंच. असेल. पण आमच्या कपाटाचं कुलूप मोबाइलपेक्षा वयानं मोठं आहे, हेही कुणीतरी बोलायला हवं.

कपाटं उघडली. आत कुक्कुटपालनावरची पुस्तकं, कधीच्या काळी बदललेल्या अभ्यासक्रमाची मार्गदर्शकं, एका स्थानिक कवींनी सप्रेम भेट दिलेल्या एकाच संग्रहाच्या गठ्ठाभर प्रती, आणि एका साखर कारखान्याच्या माजी चेअरमनांचा जाडजूड गौरवग्रंथ. तोही एक नाही, रांगच्या रांग. गौरवग्रंथांना वाळवी लागत नाही. कसरही लागत नाही. आपल्याकडच्या किड्यांना वाङ्मयाची जाण आहे असं माझं आता ठाम मत झालं आहे, कारण चांगल्या कथासंग्रहांचा त्यांनी भुगा केला होता आणि चेअरमनसाहेब कडक इस्त्रीत उभे होते.

भुगा झालेली पुस्तकं काढून टाकावीत म्हटलं, तर हेडसर गंभीर झाले. "मॅडम, रजिस्टरला ती आहेत." रजिस्टरला असलेलं पुस्तक मरू शकत नाही. त्यासाठी निर्लेखन करावं लागतं. म्हणजे तिघांची समिती नेमायची, यादी करायची, दाखल क्रमांक, मूळ किंमत, कारण लिहायचं, संस्थेची मान्यता घ्यायची, मग रद्दीवाल्यांकडून दरपत्रकं मागवायची. आणि समितीपुढे पुस्तकाचे अवशेष हजर करायचे.

"वाळवीनं पूर्ण खाल्लंय हो सर. अवशेष कुठून आणू?"

"मग ऑडिटला काय दाखवणार?"

शिपाईमामा दारात उभे होते. ते म्हणाले, "वाळवी काय पावती देती व्हय?"

मामांचा अपवाद सोडला तर शाळेत या विषयावर एवढं नेमकं कुणी बोललेलं नाही. शेवटी सुटी कागदपत्रं, बांधणीचे दोरे आणि मातकट चुरा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून, प्रत्येकीवर दाखल क्रमांक चिकटवून मी समितीपुढे ठेवला. समितीतल्या विज्ञानाच्या सरांनी एक पिशवी उघडून वास घेतला आणि 'अतिजीर्ण' या शेऱ्यावर सही केली.

त्या दिवसांत मी शियाळी रामामृत रंगनाथन यांच्याबद्दल वाचलं. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. गृहस्थ मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत इतके कंटाळले, की मला परत वर्गावर पाठवा म्हणून विनवू लागले. आधी लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून या, मग बघू, असं त्यांना सांगण्यात आलं. ते गेले, आणि कायमचे अडकले. मला या हकिकतीनं फार धीर आला. मात्र मला कुणी लंडनला पाठवत नव्हतं. तालुक्याच्या एका प्रशिक्षणाला पाठवलं, तिथे चहा चांगला होता.

रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच सिद्धान्त मांडले. पहिलाच, पुस्तकं वापरासाठी आहेत. एवढी उघड गोष्ट सिद्धान्त म्हणून का सांगावी लागली? तर युरोपात एके काळी पुस्तकं फळ्यांना साखळदंडानं बांधून ठेवत, म्हणून. हे मी हेडसरांना उत्साहानं सांगितलं. ते विचारात पडले आणि म्हणाले, "साखळी बरी पडेल का आपल्याला? कुलपापेक्षा?"

मग मी वर्गीकरणाला हात घातला. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली काढलेली दशांश पद्धत जगभर चालते. तिच्यात मराठी साहित्याच्या वाट्याला ८९१.४६ हा आकडा आला आहे. संध्याकाळी थांबून मी पुस्तकांच्या पाठीवर या आकड्यांच्या चिठ्ठ्या डकवल्या. दुसऱ्या दिवशी आठवीची पोरं आली, कपाटापुढे उभी राहिली आणि हात मागे बांधून निघून गेली. एकीला थांबवून विचारलं.

"मॅडम, आठशे एक्क्याण्णव रुपये सेहेचाळीस पैसे. हरवलं तर पप्पा मारतील."

ड्यूईसाहेबांची क्षमा मागून चिठ्ठ्या काढल्या आणि मुलांनाच नावं पाडायला सांगितली. त्यांनी कप्पे केले ते असे: 'भुताचं', 'महाराजांचं', 'क्रिकेट', 'रडवणारं', 'पोलीस भरतीला उपयोगी' आणि 'मॅडमना आवडणारं'. या शेवटच्या कप्प्याकडे कुणी फिरकत नाही.

मध्ये १५ ऑक्टोबर येऊन गेला. डॉ. कलामांचा जन्मदिवस, २०१५ पासून आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन. सकाळी हेडसरांनी स्वतः कपाटं उघडून दिली, वर्गावर्गांत पुस्तकं वाटली, फोटो निघाले. "चार वाजेपर्यंत अहवाल वर गेला पाहिजे," म्हणून साडेतीनला पुस्तकं मोजून परत कुलपात. फोटोत मागच्या रांगेतल्या एकानं पुस्तक उलटं धरलंय, पण चेहऱ्यावर प्रेरणा आहे.

तिढा असा होता, की ग्रंथालयाचा तास वेळापत्रकात होता पण प्रत्यक्षात तो गणितानं खाल्ला होता. मुलं खोलीपर्यंत यायची नाहीत. इथे मला सयाजीराव आठवले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला, १९१० मध्ये त्यानं बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभी केली, आणि जिथे ग्रंथालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली. आमच्याकडे एनसीसी बंद पडल्यावर उरलेली पत्र्याची ट्रंक होती. तीत पुस्तकं भरली, मामांनी एक कडी धरली, मी दुसरी, आणि ऑफ तासाला नववी 'ब'मध्ये जाऊन ठेवली.

नववी 'ब' हा शाळेतला ज्वालाग्राही वर्ग. ट्रंकेचा हिशेब मी मुद्दाम तिथल्या सगळ्यात बदनाम पोराकडे दिला. त्याच्या हातात वही आल्याबरोबर त्याच्यात ऑडिटर संचारला. "सही कर. दोन दिवस. पान दुमडलंस तर बघ." सरांच्या धाकानं न झालेली शिस्त त्याच्या एका भुवईनं झाली. त्यानं स्वतःहून वहीत शेऱ्याचा रकाना आखला आणि परत देणाऱ्यानं तो भरल्याशिवाय दुसरं पुस्तक मिळणार नाही असा कायदा केला. ती वही मी घरी आणून रात्री वाचत बसते. 'पहिली तीस पानं सोडा, नंतर चांगलं आहे.' 'लेखक झाडांचं फार सांगतो.' 'शेवट सांगू नका असं मॅडम म्हणाल्या म्हणून सांगत नाही, पण आजोबा राहत नाहीत.' वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतली परीक्षणं त्यानंतर मला बेचव लागू लागली आहेत.

सगळ्यात मागणी आली ती एका जुन्या रहस्यकथेला. इन्स्पेक्टर मध्यरात्री बंगल्यावर येतो, खुन्याच्या खोलीचं दार ढकलतो, आणि पुढे उंदीर. शेवटची सगळी पानं गेलेली. वर्गात दोन तट पडले. माळ्यानं खून केला म्हणणाऱ्यांनी वहीच्या पानावर शेवट लिहून डिंकानं चिकटवला. धाकट्या भावावर संशय असणाऱ्यांनी त्यावर दुसरा चिकटवला. एका मुलीनं तिसरा लिहिला, त्यात इन्स्पेक्टरच खुनी. पुस्तक मुळापेक्षा जाड झालं आणि नंबर लावून मिळू लागलं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात संस्थेची मान्यता आली. निर्लेखनाच्या यादीत ते पुस्तक होतं. 'शेवट नाही' या कारणासाठी मीच घातलं होतं. हेडसरांनी क्रमांक पडताळला. "आदेश आहे मॅडम. रद्दीत गेलंच पाहिजे."

गेलं. रद्दीवाल्याच्या काट्यावर ते पावशेरही भरलं नाही. त्यानं सांगितलेली किंमत मी दिली, रीतसर पावती मामांच्या नावानं झाली, रजिस्टरमध्ये लाल शाईनं आडवी रेघ मारली, आणि मधल्या सुट्टीत पुस्तक परत ट्रंकेत आलं. आता ते कुणाच्याच चार्जमध्ये नाही, त्यामुळे हरवलं तरी कुणाला विचारणा नाही. पोरं ते घरी नेतात, बसमध्ये वाचतात, त्यावर शेंगदाणे खातात. ऑडिटही झालं, साहेबांनी लाल रेघा मोजल्या, बरोबर भरल्या.

ही पळवाट पोरांच्या लक्षात यायला एक दिवस लागला. परवा ट्रंकेचा तो हिशेबनीस स्टाफरूमच्या दारात आला. काखेत चार पुस्तकं, चारही धडधाकट. आवाज खाली घेऊन म्हणाला, "मॅडम, ह्यांना पण वाळवी लागली असं लिहा की."