आखाजीला सालदार, मार्चात सल्लागार

परवा मला कारणे दाखवा नोटीस आली. 'आपण पॅनेलवरील सल्लागार असूनही कार्यालयास वेळेत सहकार्य केले नाही, सबब आपले नाव नामिकासूचीतून का वगळण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.' नोटिशीवरची तारीख आठ दिवसांपूर्वीची. खुलासा कशाचा मागितलाय ते पुढे येईलच. पण आता हात मोकळे होणारच आहेत, तर गावोगावचे मुख्याधिकारी, अध्यक्ष, बांधकाम सभापती आणि 'मी फक्त फाइल पुढे सरकवतो' म्हणणारे सगळे, यांच्यासाठी चार युक्तीच्या गोष्टी सांगून ठेवतो. पालिकेनं इमारत काढली की माझ्यासारखा सल्लागार अभियंता लागतोच. तो कसा पाळावा, हे मात्र तुम्हाला कुणी शिकवत नाही.

आपल्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठरतो, शेतावरचा वर्षभराचा गडी. साल ठरतं, दाणे ठरतात, कपडालत्ता ठरतो आणि पहिल्या दिवशी हातावर उचल ठेवावी लागते. पॅनेलवरचा सल्लागार म्हणजे तोच सालदार, फक्त उचल वजा. त्याला कामावर घ्यायचं नसतं, यादीवर घ्यायचं असतं. करारात 'मागणीनुसार सेवा' असा शब्द असतो. मागणी तुमची, नुसार तो.

जाहिरातीतल्या अटी जपून घाला. तीन प्रशासकीय इमारतींचा अनुभव, अमुक कोटींची उलाढाल. ज्या पोराला कुठल्या गल्लीत पाणी कुठून शिरतं ते पाठ आहे, तो निविदेच्या तांत्रिक लिफाफ्यातच गारद व्हायला हवा. मग बाहेरची मोठी फर्म येते. एक तरुण लॅपटॉप उघडून थ्री-डी दाखवतो. त्यात हिरवळ असते, कारंजं असतं आणि आपल्या पालिकेच्या आवारात गोऱ्या मडमा पर्स घेऊन फिरत असतात. सभागृह खूश. इमारतीला पश्चिमेकडून अख्खी काच. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा त्या काचेआड बसणाऱ्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या ताईंना विचारा कसं वाटतं. मी विचारलं. त्यांनी आतून खळीनं जुनी वर्तमानपत्रं चिकटवलीत. त्याच फर्मच्या अहवालात 'सागरी हवामानाचा विचार करून' असं वाक्य होतं. तापीला भरती येते हे मला त्या दिवशी कळलं.

दराचा नियम सोपा आहे: जो सगळ्यात खाली, तो आपला.

फोन रात्री साडेनऊच्या आत करू नका. दिवसा माणूस सावध असतो, प्रश्न विचारतो.

आणि माती परीक्षण? अजिबात करू नका. सल्लागार मागेल, त्याला सवयच असते. 'आपलीच जागा, तिचं काय तपासायचं?' म्हणा. एका सभापतींना मी म्हटलं होतं, 'भाऊ, भिंती फुटतील.' ते हसले. म्हणाले, 'फुटू द्या. आपलं काय जास?'

तर काय जातं ते सांगतो. तापीकाठची काळी माती कपाशीला आई आहे, भिंतीला सावत्र. एप्रिलमध्ये शेतात ज्या भेगा पडतात त्यात हात कोपरापर्यंत जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको, तुमचीही शेती आहे. जूनमध्ये तीच माती पाणी पिऊन फुगते आणि भेगा मिटतात. इमारतीखालीही हेच होतं. फक्त तिथं भेग भिंतीला पडते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढते आणि मिटत नाही. हे आधी ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. वाळवून चाळलेल्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन वाटे करायचे, काचेच्या दोन मोजनळ्या घ्यायच्या. एकीत रॉकेल, एकीत पाणी. माती टाकायची, ढवळायची, चोवीस तास हलवायची नाही. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, पाण्यात फुगते. फरक मोजला की झालं. माती तपासणीचं भारतीय मानक आहे, आय.एस. २७२०, त्याच्या भाग ४० मध्ये सगळी कृती दिलेली आहे, बारावीचा पोरगा करेल. तुम्ही पैसे मंजूर करेनात म्हणून मी त्या सभापतींच्या इमारतीच्या जागेची माती पिशवीत भरून घरी आणली. माती मिळाली, रॉकेल मिळेना. चुली-स्टो गेले, रेशनचं रॉकेल गेलं, अर्धा लिटरसाठी तीन दिवस हिंडलो. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बघतो तर रॉकेलच्या नळीत माती दहाच्या खुणेवर, पाण्याच्या नळीत एकोणीसवर. बायको म्हणाली, हे भाकरीचं पीठ असतं तर बरं झालं असतं. फोटो काढून कार्यालयाच्या ग्रुपवर टाकला. उत्तरात एक अंगठा आला.

मी अहवालात लिहिलं, पाया खाली मुरुमापर्यंत न्या, नाहीतर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे बुडाशी फुगीर केलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब, घ्या. त्यानं अंदाजपत्रक वाढत होतं. ३१ मार्च तोंडावर आलेला, निधी परत जाणार म्हणून सगळे घायकुतीला. कुठंतरी कात्री लावायची होती, तेव्हा पाया कापला आणि प्रवेशद्वाराची ग्रॅनाइटची कमान ठेवली. बरोबरच आहे. कमानीवर नावं येतात. पायावर कुणाचं नाव कोरणार? उद्घाटनानंतर दुसऱ्या पावसाळ्यात दारं लागेनाशी झाली. सुतार आला, दारं तासली. उन्हाळ्यात त्याच दारांना बोटभर फट पडली. सुतार पुन्हा आला, पट्टी मारली. आता तो दरवर्षी येतो आणि रोख घेऊन जातो, सल्लागारापेक्षा त्याचं बरं चाललंय. आणि मला पत्र काय यावं? 'आपल्या सदोष संकल्पनामुळे.' सदोष! ज्या पानावर पाया होता ते पान फाडलं तुम्ही, तांत्रिक मान्यतेला पाठवलं तुम्ही, आणि दोष त्याचा, ज्यानं रॉकेल शोधत गाव पालथं घातलं!

असो. युक्त्या सांगत होतो.

फीचं बिल आलं की त्रुटी काढा. लघुउद्योगांची देणी ४५ दिवसांत चुकती करा असं २००६ चा कायदा म्हणतो. म्हणू द्या.

१५ सप्टेंबरचा अभियंता दिन मात्र विसरू नका. त्या दिवशी विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालून पॅनेलवरच्या सगळ्यांना शाल-नारळ द्यायचा. हा माणूस १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागला आणि कोवळ्या वयात आपल्या धुळ्याकडे येऊन पांझरेच्या पाण्यासाठी नळाचा सायफन बसवून गेला. भाषणात हे दरवर्षी सांगतात. सांगणारे बहुधा तेच असतात, ज्यांनी रात्री फोन करून विचारलेलं असतं की स्लॅबमधली थोडी सळई कमी केली तर चालेल का.

शेवटची युक्ती सहीची. सल्लागाराचं डोकं नको, त्याचा शिक्का हवा, हे कधी विसरू नका. पंधरा दिवसांपूर्वी एका बुधवारी रात्री पावणेअकराला फोन आला. 'सर, पालिका शाळांच्या चौदा खोल्यांचं स्थैर्य प्रमाणपत्र सकाळी पाहिजे. दहाला व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) आहे. फोटो टाकलेत, बघून सही करून द्या.' म्हटलं, दोन दिवस द्या, जाऊन बघतो. 'सर, बाकीचे देतात.'

फोटो बघितले. तिसऱ्या फोटोत छताचं काँक्रीट खपली धरून पडलेलं, आतली सळई गंजून छडीसारखी बारीक झालेली. त्याच्या बरोबर खाली बाकं. एका बाकावर कुणाचा तरी पाण्याचा डबा राहिला होता.

सकाळी सातला त्या शाळेत गेलो. हातोडीनं स्लॅब ठोकत गेलो. धडक्या काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो, तिथं भद्द-भद्द येत होता. हेडसर चहा घेऊन आले. आवाज त्यांनीही ऐकला, काही बोलले नाहीत. शिपायाला सांगून त्यांनी बाकं बाहेर निंबाखाली काढली. दुपारी मी कार्यालयाला लिहून दिलं, ही खोली वापरू नका. ते पत्र आवकला चढलं, शिक्का माझ्याजवळ आहे. आणि परवा ही नोटीस. वेळेत सहकार्य केले नाही.

लाज वाटायला पाहिजे तुम्हाला. उपरोध-बिपरोध गेला खड्ड्यात. तुमची पोरं त्या शाळेत नाहीत म्हणून फोटोवर भागतं तुमचं. व्हीसीत रकाना भरायचा म्हणून चौदा खोल्यांतल्या पोरांच्या डोक्यावर माझी सही ठेवणार होतात, आणि उद्या काही पडलं असतं तर तीच सही दाखवून हात झटकले असतेत. पॅनेल त्यासाठीच ठेवलंय तुम्ही. सल्ला घेण्यासाठी ठेवलं असतं तर एकदा तरी दिवसा फोन आला असता.

खुलासा मागितलाय ना? हा घ्या. चौदांपैकी मी एक खोली पाहिली. उरलेल्या तेरा कुणी, कधी आणि कशानं ठोकून पाहिल्या, ते मला लेखी कळवावे. तीन दिवसांत.