गुडघ्यातली अक्कल

लहानपणी वडील म्हणायचे, "तुझी अक्कल गुडघ्यात आहे." तेव्हा राग यायचा. आता गुडघाच झिजलाय म्हटल्यावर धास्ती वाटते, होती नव्हती तीही गेली की काय.

निमित्त झालं पेनाच्या टोपणाचं. ते घरंगळत पलंगाखाली गेलं आणि मी खाली बसलो. बसायला काही वाटलं नाही. उठताना मात्र एक हात पलंगाच्या कडेवर, दुसरा मांडीवर, तोंडातून "आई गं" आणि गुडघ्यातून 'कट्'. सरळ उभा राहिल्यावर लक्षात आलं, टोपण खालीच राहिलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. "ही फट बघा, आतल्या बाजूला कमी झालीय." मी बघितलं. दोन हाडं आणि मध्ये काळोख. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, साध्या एक्स-रेत दिसतच नाही म्हणे. फटीवरून अंदाज बांधायचा. म्हणजे जे दिसत नाही तेच कमी झालंय असं मला सांगण्यात आलं, आणि मीही समजल्यासारखी मान डोलावली.

मग घरी येऊन वाचत सुटलो. (दुखणं पायात असलं की हात मोकळे असतात.) ही गादी जेमतेम काही मिलिमीटर जाड. आत ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतू. कूर्चापेशी तरी किती? जागेच्या हिशोबात शंभरातले दोन-चार भाग. प्रत्येक जण आपल्या खोपटात एकटा, शेजाऱ्याचं तोंड बघायची सोय नाही. पाऊल टेकलं की गादी दबते, उचललं की फुगते. तेवढ्या दाबण्या-सुटण्यात सांध्यातल्या वंगणातून दोन घास आत झिरपतात. आणि मी शहाणा, गुडघ्याला विश्रांती म्हणून महिनाभर आरामखुर्चीत पडून होतो. आत बिचाऱ्या उपाशी!

पण या पेशींना कळतं सगळं. त्यांच्या भिंतीत दाबाने उघडणाऱ्या खिडक्या असतात. बेताचा ताण आला की टीआरपीव्ही-४ नावाची उघडते, कॅल्शियम आत येतं आणि पेशी डागडुजीला लागते. धसमुसळा ताण आला की पिएझो नावाच्या खिडक्या उघडतात, कॅल्शियमचा लोंढा घुसतो आणि पेशी मरूही शकते. हे पिएझो २०१० मध्ये सापडले आणि २०२१ च्या नोबेलमधला वाटा त्यापायी शास्त्रज्ञ आर्डेम पटापूटियन यांना मिळाला. जिना उतरताना मी कण्हतो, त्याला निदान एवढी प्रतिष्ठा तरी आहे.

घोळ पुढे होतो. झीज सुरू झाली की पेशींभोवतालच्या प्रथिनांच्या जाळ्याचे तुकडे सुटतात. त्यातले फायब्रोनेक्टिन नावाच्या प्रथिनाचे तुकडे पेशीला येऊन चिकटतात. त्यावरून तिने समजायला हवं, पडझड झालीय, गवंडी बोलवा. ती समजते, पाडकाम निघालंय! लगेच जाळ्याचे मुख्य धागे, म्हणजे कोलॅजेन, कापणारी विकरं (एन्झाइम) सोडते. कापलं की आणखी तुकडे, तुकड्यांवरून आणखी पाडकाम. त्यात सांध्याचं अस्तर सुजलं, तर तिकडून इंटरल्यूकिन-१ नावाचा सुजेचा निरोप्या येऊन म्हणतो, हाणा! घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. वडिलांचं निदान इतकं अचूक असेल असं वाटलं नव्हतं. अक्कल गुडघ्यातच होती, फक्त कामाला उलटी लागली.

आणि मालकाला खबर? शून्य. कूर्चेत मज्जातंतूच नाहीत, त्यामुळे ती मुकाट झिजते. बोंब मारतात ती खालची हाडं आणि ते सुजलेलं अस्तर, तीही बराच कारभार उरकल्यावर. कूर्चा एकदा गेली की परत येत नाही, हे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर १७४३ मध्येच सांगून बसलेत. मला ते पलंगाखाली वाकण्याआधी कोणी सांगितलं असतं तर!

डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरवा, मांडीचे स्नायू बळकट करा, आणि चाला, पण बेताने. बेत कोणाचा, माझा की पेशींचा, हे विचारायचं राहिलं. रोज चालतोय. गुडघा आता कधी 'कट्' म्हणतो, कधी नुसता 'क'.

टोपण अजून पलंगाखालीच आहे. मी बटणाचं पेन घेतलंय.